घरी बांधलेली जिप्सी: १४, २१, २३, २४, ३२ असे पाच कोड एकदम येतात, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला म्हणायचा का?

वरचं_रान (ता. करवीर, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही अंदाज येणार नाही.

२००१ ची जिप्सी किंग, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली), १.३ लिटरचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन. बॉडी गंजून चाळण झालेली, भंगाराच्या भावात मिळाली. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही ॲक्सल ठेवले, बाकी सगळं काढून टाकलं आणि दोन वर्षं शेडमध्ये पाइपची चॅसिस बांधली. वेल्डिंग मामाचं, बाकी काम माझं. ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही, नेता येणारही नाही, ते मला ठाऊक आहे. आमचं वरचं रान डोंगराला लागून आहे, वाट अरुंद, ट्रॉलीसकट ट्रॅक्टर वळत नाही. तेवढ्यासाठी ही गाडी. खताची चार पोती, फवारणीचा पंप, आणि आई. तिच्या गुडघ्यांना आता ती चढण झेपत नाही आणि रान डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. दिवाळीला तिला बसवून वर न्यायचं असं मी ठरवलं होतं. दिवाळी गेली.

आता दुखणं. शेडमध्ये गाडी सुरेख चालते. पहिल्या सेल्फला उठते, रेस घेते, आयडलिंग गार असताना बरोबर. ओढ्यापलीकडं दगडाची वाट सुरू झाली की चेक लाइट लागतो, गाडी एक ठसका देते, लाइट जातो, परत लागतो. वर पोचून उभी केली आणि रेडिएटरचा फॅन सुरू झाला की आयडलिंग आपोआप वाढतं, खालीवर व्हायला लागतं, आणि सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो. प्लग काढून बघितले तर काजळी धरलेली.

बिघाडाचे कोड असे वाचले: मॉनिटर कप्लरमधली (तपासणीच्या प्लगमधली) डायग्नोसिसची पिन वायरच्या तुकड्यानं अर्थला, म्हणजे मायनसला जोडली, चावी फिरवली, इंजिन चालू केलं नाही. लाइट मिचकावतो ते मोजलं. आधी दशकाचे, मग थांबून एककाचे, आणि एकेक कोड तीनतीनदा. मुलीला वही घेऊन शेजारी बसवलं होतं, तिनं आणि मी वेगवेगळं मोजलं आणि दोघांचं जुळलं. १४, २१, २३, २४, ३२.

म्हणजे पाण्याच्या टेंपरेचरचा सेन्सर, थ्रॉटलचा, हवेच्या टेंपरेचरचा, स्पीडचा आणि मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा). पाच सेन्सर एकदम कसे जातील? तरी थ्रॉटलचा आणि पाण्याचा असे दोन सेन्सर जुन्या बाजारातून आणून बदलले. काडीचा फरक नाही. गावातले मेकॅनिक म्हणतात ईसीएम गेला. सेकंडहँड ईसीएमला साडेचार हजार सांगतायत, आणि बसवून नाही चालला तर परत घेणार नाहीत. घेऊ का?

---

हायवे_गॅरेज

पाच कोड एकदम म्हणजे ईसीएमच बघावा लागेल, दादा. पाणी गेलं असेल. माझ्याकडं एक जिप्सी आली होती पावसातनं बुडून, तिला ईसीएम बदलल्यावरच आराम पडला. पण एक विचारतो, चॅसिस वेल्ड करताना ईसीएम गाडीवर होता का? आर्क वेल्डिंग करताना त्याचा प्लग काढलेला नसेल तर उडू शकतो.

---

वरचं_रान

वेल्डिंगच्या वेळी ईसीएम कपाटात होता. तेवढी काळजी घेतली होती. पाण्यातही कधी गेली नाही, ओढ्याला घोटाभर पाणी असतं. ईसीएम सीटच्या मागं उंचावर डब्यात आहे. उघडून बघितला, आत गंज नाही, जळाल्याचा डाग नाही, वास नाही.

---

इचलकरंजीचा_वायरमन

पोरा, ईसीएम घेऊ नकोस. साडेचार हजार खिशात ठेव आणि आधी ही कोडची यादी शांतपणे वाच.

मी ३४ वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. कार्ब्युरेटरच्या काळात शिकलो आणि एमपीएफआय आल्यावर परत शिकलो. कोड पार्टचं नाव सांगत नाही. ईसीएमला एका वायरीवर नको तेवढं व्होल्टेज दिसलं, एवढंच तो सांगतो. सुझुकीच्या या जुन्या पद्धतीत जवळजवळ प्रत्येक सेन्सरला दोन कोड आहेत, एक व्होल्टेज जास्त दिसलं तर आणि एक कमी दिसलं तर. पाण्याच्या सेन्सरला १४ म्हणजे व्होल्टेज जास्त, १५ म्हणजे कमी. थ्रॉटलला २१ जास्त, २२ कमी. हवेच्या सेन्सरला २३ जास्त, २५ कमी. मॅपला ३१ कमी, ३२ जास्त.

आता तुझी यादी परत बघ. २४ बाजूला काढ, तो वेगळा विषय आहे. राहिले १४, २१, २३, ३२. चारही जास्त व्होल्टेजचे. एकही कमीचा नाही. चार सेन्सर चार वेगवेगळ्या कारणांनी बिघडले असते तर एखादा तरी उलट्या बाजूला गेला असता.

या चौघांत सामाईक काय आहे? अर्थ. पाण्याचा आणि हवेचा सेन्सर दोन वायरींचा, थ्रॉटल आणि मॅप तीन वायरींचे. चौघांची एक एक वायर एका ठिकाणी येऊन मिळते आणि तिथून ईसीएमला जाते. ती वायर क्षणभर सुटली की चारही सिग्नल वर ५ व्होल्टकडं पळतात, कारण त्यांना खाली ओढून धरणारं कुणी राहत नाही. दगडावर आदळल्यावर लाइट लागतो म्हणतोस, ते अगदी तसंच आहे.

सेन्सरांचा अर्थ कुठं दिलायस ते सांग. आणि फोटो टाक.

---

वरचं_रान

काका, तुमचं वाचून रात्री साडेदहाला शेडमध्ये गेलो.

जुनं हार्नेस (वायरींचा जुडगा) उंदरांनी खाल्लं होतं, म्हणून अर्ध्याहून जास्त वायरिंग मी नवं ओढलं. त्या वेळी माझा समज असा की काळी वायर म्हणजे अर्थ आणि अर्थ कुठंही दिला तरी अर्थच. म्हणून सेन्सरांच्या चारही अर्थ वायरी एकत्र करून एका थिंबलला (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीला) घेतल्या आणि रेडिएटरजवळच्या पाइपवर बोल्टनं आवळल्या. त्याच बोल्टवर फॅनचा अर्थ, पेट्रोल पंपाचा आणि पुढच्या लाइटचा. एका बोल्टवर चार थिंबल. ईसीएमचा स्वतःचा अर्थ मात्र मूळ जागी, इंजिनवर इनटेक मॅनिफोल्डच्या बोल्टलाच आहे, त्याला हात लावला नव्हता.

फॅन मारुती ८०० चा इलेक्ट्रिक आहे. मूळ पट्ट्यावरचा फॅन नवीन मापात बसेना.

---

इचलकरंजीचा_वायरमन

सापडलं असं मला वाटतंय, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस, मोजून बघ.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेव. काळी काडी बॅटरीच्या मायनस खांबावर, खांबावर म्हणतोय, क्लॅम्पवर नाही. लाल काडी थ्रॉटल सेन्सरच्या अर्थ पिनवर. प्लग लावलेलाच राहू दे, मागून बारीक सुई घाल आणि सुईला काडी लाव. इंजिन चालू. फॅन बंद असताना किती ते लिहून घे. मग फॅन चालू होऊ दे आणि परत लिही. मग कुणाला तरी तो बोल्ट हलवायला सांग. सेन्सरच्या वायरींवर टेस्ट लॅम्प लावू नकोस, बल्ब जास्त करंट ओढतो, त्यात खरंच ईसीएम जायचा.

---

वरचं_रान

मोजलं. आकडे देतो.

फॅन बंद: ०.०४.
फॅन चालू: ०.५८.
मामानं थिंबल बोटानं ढकललं: ४.८, आणि त्याच क्षणी चेक लाइट.

मीटरवर ४.८ आला तेव्हा मी तीनदा करून घेतलं. मामा म्हणाला, "अरे सोड आता, माझं बोट दुखलं."

---

चाकण_हार्नेस

मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात आहे, तपासणी विभागात. काकांनी वाट बरोबर दाखवली आहे. मी फक्त दुसरा अर्धा भाग सांगते, तो फॅनच्या वेळच्या आयडलिंगचा आणि पेट्रोलच्या वासाचा.

फॅन ८-१० अँपिअर खातो. तो करंट बोल्टवरून पाइपमध्ये आणि पाइपमधून बॅटरीकडे जातो. बोल्टखाली रंग असेल तर तिथे थोडा अडथळा असतो आणि त्या अडथळ्यावर अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो. तुमचे ०.५८ ते हेच. ईसीएम इंजिनवरच्या अर्थला शून्य मानतो, सेन्सर बिचारे ०.५८ ला शून्य मानतात. थ्रॉटल बंद असताना सिग्नल समजा ०.७ असायला हवा, तर ईसीएमला १.२ च्या आसपास दिसतो. त्याला वाटतं पायानं थोडं दाबलेलं आहे. गरम इंजिनवर पाण्याच्या सेन्सरचं व्होल्टेज मुळातच कमी असतं, त्यात हा अर्धा व्होल्ट मिळवला की ईसीएमला इंजिन गार दिसतं आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. मॅपचंही तेच, भार जास्त दिसतो. म्हणून वास, म्हणून काजळी. आणि यातलं एकही व्होल्टेज मर्यादेबाहेर जात नाही, म्हणून त्यासाठी कोड येत नाही. आदळल्यावर वायर पूर्ण सुटते तेव्हाच कोड येतो. एकाच बोल्टची ही दोन दुखणी आहेत, दादा.

बोल्ट घासून घट्ट केलात तर बरं वाटेल, पण तेवढ्यावर थांबू नका. सेन्सरचा अर्थ चॅसिसला द्यायचाच नसतो. तो थेट ईसीएमच्या पिनला परत न्यायचा. तुमच्याकडे जुन्या हार्नेसचा तुकडा शिल्लक आहे का? थ्रॉटलच्या प्लगवर अर्थची वायर कोणत्या रंगाची आहे ते बघा आणि ईसीएमच्या प्लगवर त्याच रंगाचं टोक शोधा. सापडलं की आधी चावी बंद करून, ते टोक आणि ईसीएमचा इंजिनवरचा अर्थ यांत ओहम मोजा. जवळजवळ शून्य यायला हवा. रंग मी इथून सांगणार नाही, वर्षानुसार बदलला असेल तर तुमचं नुकसान व्हायचं.

---

वरचं_रान

ताई, खताच्या पोत्यात भरून ठेवलं होतं जुनं हार्नेस. फेकून दे म्हणून घरात किती वेळा बोलणी खाल्ली, पण ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी अंगणात पसरलं. थ्रॉटलचा प्लग उंदरांनी सोडलेला होता. त्याच्या अर्थ वायरीचा रंग बघितला आणि ईसीएमकडं गेलो. प्लगपासून चार बोटांवर त्याच रंगाचं एक टोक, वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. ती टेप मीच गुंडाळली होती. ही वायर कशासाठी आहे कळेना, गाडी तर तिच्याशिवाय सुरू होते, मग असू दे बंद, असं करून पुढं गेलो होतो. टेप काढली तर आत तांबं अजून लालसर चकचकीत, दोन वर्षांपूर्वी कापलेलं तसंच.

ओहम ०.३ आले, मीटरच्या काड्या एकमेकींना लावल्या तरी ०.३ च येतात. म्हणजे शून्यच.

मग तो बोल्ट उघडला. वरून थिंबल चकचकीत, आणि त्याखाली पाइपला सगळीकडं निळा रंग. मामानं दोन हात मारले होते, वर क्लिअर. आमचं पाइपचं काम चांगलं दिसावं म्हणून बोल्टची जागासुद्धा रंगवली होती. थिंबलच्या दात्यांनी रंगाला जिथं ओरखडा पाडला होता तिथं शेंगदाण्याएवढी जागा उघडी, तीही काळी पडलेली. चार थिंबलांचा सगळा करंट त्या शेंगदाण्यातून आणि बोल्टच्या आट्यांतून चालला होता.

आता काय केलं ते सांगतो. चारही सेन्सरांचे अर्थ एकत्र करून सोल्डर मारला, वर स्लीव्ह चढवली आणि एकच वायर थेट त्या टोकाला नेऊन जोडली. चॅसिसशी तिचा कुठंही संबंध नाही. फॅन आणि पंप दोघांचे अर्थ वेगवेगळ्या जाड वायरींनी बॅटरीच्या मायनसला नेले. बॅटरीपासून इंजिन ब्लॉकला जाड केबल होतीच, तिचा बोल्ट काढून घासला. चॅसिसला वेगळी पट्टी दिली, तिथला रंग पॉलिश पेपरनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत काढला, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. मग बॅटरीची मायनस मिनिटभर काढून ठेवली, कोड पुसायला.

पाण्याच्या सेन्सरची एक गोष्ट त्या निमित्तानं कळली. सेन्सर काढून घरीच तपासला. पातेल्यात पाणी, आईचा तापाचा थर्मामीटर चालत नाही म्हणून दूध डेअरीतून एक मागून आणला. २० अंशाला अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० ला तीनशेच्या जरा वर. जुना काढलेला आणि नवा आणलेला, दोन्ही जवळपास सारखेच. म्हणजे जुना चांगलाच होता. परत तोच बसवला.

आकडे आता: फॅन बंद ०.०१, फॅन चालू ०.०२, मग मामाच्या अंगठ्यानं कितीही ढकला. फॅन लागल्यावर आयडलिंग जागचं हललं नाही. दगडाच्या वाटेनं तीनदा वर जाऊन आलो, लाइट लागला नाही. परत कोड वाचले तर फक्त २४.

---

इचलकरंजीचा_वायरमन

छान. २४ गेला की तुला १२ मिळेल, म्हणजे सगळं ठीक.

तुझ्या इंजिनाला स्पीडचा सिग्नल वेगळ्या सेन्सरमधून येत नाही. तो जुन्या स्पीडोमीटरच्या आत बसवलेल्या रीड स्विचमधून येतो. केबल फिरली की आतलं चुंबक फिरतं, स्विच उघडझाप करतो. तू डॅशबोर्ड टाकून दिलास तेव्हा तो स्विचही त्याबरोबर गेला. गाडी चालते त्याच्याशिवाय, पण उतारावर पाय सोडून येताना आणि थांबताना आयडलिंग खाली पडून बंद पडण्याची खोड लागू शकते. पोत्यात मीटर आहे का बघ.

---

वरचं_रान

पोत्यात नाही, काका. मीटर पोरीनं खेळायला घेतला होता, तिच्या खेळण्यांच्या टोपल्यात सापडला. काच फुटलीय, काटा शाबूत. उतारावर खरंच दोनदा बंद पडली, मला वाटलं क्लचच्या पायाची चूक.

केबल ट्रान्सफर केसपासून सीटच्या पुढं कशी आणायची हाच प्रश्न आहे, मूळ केबल आखूड पडतेय की वळण जास्त येतंय ते कळत नाही. तीव्र वळण आलं तर तुटते ना?

---

हायवे_गॅरेज

वळण मोठं ठेव, आठ इंचांहून आखूड गोलाई नको. केबल काढून आतली तार ग्रीसनं पुसून घे. आणि मीटर समोरच बसवायला पाहिजे असं नाही, ट्रान्सफर केसच्या वर, सीटच्या मधे आडवा ठेवला तरी सिग्नल येईल. ईसीएम बदल म्हटलो त्याबद्दल माफ कर, माझ्याही लक्षात आलं नव्हतं की चारही एकाच बाजूचे आहेत. उद्या एक व्हॅन येतेय तिचे कोड आधी असेच मांडून बघतो.

---

वरचं_रान

मीटर सीटच्या मधे बसवला, केबलला मोठं वळण दिलं. काल संध्याकाळी कोड वाचले. एकदा लांब थांबून एक, मग दोन. एकदा, दोनदा, तीनदा. १२. मुलीनं वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.

आज सकाळी आईला वर नेलं. वाटेत एक शब्द बोलली नाही, पाइप घट्ट धरून बसली होती. वर पोचल्यावर उतरली आणि थेट विहिरीजवळच्या आंब्याकडं चालत गेली, त्याला यंदा मोहर किती आलाय ते बघायला. फॅन सुरू होता, मी इंजिन बंद केलं नाही. उभा राहून ऐकत होतो.